देवाचे रान, गावाचे पाणी

वैशाख उतरणीला लागला की सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील गावांचे रूप ओळखू येईनासे होते. जांभ्याचे सडे तापून निघालेले असतात. राबासाठी वर्षानुवर्षे कवळ तोडल्याने ऐन-किंजळाची झाडे खांबांसारखी उभी असतात, आणि वणव्याने काळे पडलेले उतार पहिल्या पावसाची वाट पाहत असतात. अशा उजाड पटावर एखाद्या घळीच्या तोंडाशी किंवा वाडीच्या माथ्यावर गर्द, जवळजवळ काळपट भासावा असा हिरवा ठिपका दिसतो. तेथे गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. मांडीएवढ्या जाड वेली एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर गेलेल्या असतात, आणि पायाखाली ओलसर पाचोळ्याचा थर दबत असतो. गावात विचारले तर उत्तर ठरलेले असते : ती देवाची राई आहे.

पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत हिला देवराई म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे देवरहाटी हा शब्द अधिक रूढ आहे. कर्नाटकातील कोडगूमध्ये देवरकाडू, केरळात काव, राजस्थानात ओरण अशी नावे आहेत, आणि मेघालयातील खासी लोकांचीही अशीच राखीव राने आहेत. नावे निरनिराळी असली तरी मूळ करार एकच : एवढे रान देवाचे, माणसाने तेथे कुऱ्हाड न्यावयाची नाही.

धर्मश्रद्धेचा आणि निसर्गरक्षणाचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा वचने सांगून दिले जाते. वृक्षारोपणाच्या समारंभाचा आरंभ तुकोबांच्या अभंगाने होतो, भाषणे होतात, आणि पुढील वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याचा प्रसंग येतो. प्रस्तुत लेखकाने असे अनेक समारंभ वृत्तांतासाठी पाहिले आहेत. म्हणून येथे हा प्रश्न वचनांच्या अंगाने न पाहता जमिनीच्या अंगाने पाहण्याचा विचार आहे. जेथे श्रद्धेने खरोखरच रान राखले गेले, तेथे ते कसे राखले गेले? आणि श्रद्धा कमी झालेली नसताना, किंबहुना उत्सव वाढत असताना, तेच रान आज का आटत चालले आहे?

छप्पर नको असलेले देव

राईतील देवता मोठ्या क्षेत्रांतील देवतांहून वेगळ्या आहेत. वाघजाई, काळकाई, सोमजाई, झोलाई, वरदायिनी, जाखमाता अशा आया, आणि भैरी, म्हसोबा, रवळनाथ असे रक्षक देव. त्यांची मूर्ती बहुधा नसतेच. झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला तांदळा, चार-दोन वीरगळ, एखादी झिजलेली पाषाणपट्टी, एवढाच त्यांचा परिवार. सिंधुदुर्ग आणि गोवा या भागांत सातेरीची उपासना वारुळाच्या रूपाने होते; म्हणजे तेथे जमिनीतून वर आलेली माती हीच देवी होय. कित्येक गावांत अशी समजूत आहे की देवीला छप्पर चालत नाही, तिला मोकळे आभाळ आणि झाडांची सावलीच आवडते. 

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील अशा मातृदेवतांचा माग पायी हिंडून काढला होता. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात या उपासनांची मुळे शेतीपूर्व काळातील समाजापर्यंत शोधलेली आहेत. राईचे नेमके वय सांगता येत नाही. परंतु नांगर येण्यापूर्वी रान हेच घर असलेल्या माणसाची काहीतरी खूण तिच्यात शिल्लक असावी, असे तेथे उभे राहिल्यावर पटते खरे.

या समजुतीचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. देवीचे घर म्हणजे देऊळ नव्हे, तर आसपासचे संपूर्ण रान, असे एकदा मानले की त्या रानातील वाळलेली फांदीही देवीच्या घरची वस्तू ठरते. ती नेणे ही चोरी होय. आणि ज्या घरात ही चोरी झाली तेथे साप निघतो, गाय आटते, मूल आजारी पडते, अशा कथा प्रत्येक गावाजवळ आहेत. त्या खऱ्या की खोट्या, हा प्रश्न वेगळा. त्यांनी सरकारी पहारेकरी नसताना शेकडो वर्षे पहारा केला, एवढे मात्र समोर दिसते.

कौल आणि कुऱ्हाड

तथापि केवळ भीतीने रान राखले गेले, असे म्हणणे अपुरे ठरेल. भीतीच्या जोडीला व्यवस्था होती. तिच्यात गुरव, मानकरी आणि गावकर यांची कामे नेमलेली असत. वर्षाच्या ठरलेल्या दिवशी सारा गाव राईत जमे, गाऱ्हाणे घातले जाई, आणि गावाचे वादही तेथेच मिटत. एखाद्यास खरोखरच अडचण असेल, वादळात घर पडले असेल आणि तुळईस लाकूड हवे असेल, तर त्याने परस्पर झाड तोडावयाचे नसे. त्याने देवापुढे विचारणा करावयाची. मग गुरव पाषाणास ओल्या कळ्या किंवा तांदूळ लावून कौल घेई. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

आजच्या सुशिक्षित वाचकास हा प्रकार भाबडा वाटेल. परंतु त्याचे प्रशासकीय स्वरूप पाहावे. अर्ज उघड करावा लागे. निर्णय सर्व गावासमक्ष होई. मागणी एका झाडाची असेल तर एकाच झाडाचा कौल मिळे, आणि लाकूड विकण्यासाठी कौल मागण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नसे. नकार मिळाला तर राग धरावयास माणूस सापडत नसे, कारण नकार देवाने दिलेला असे. परवानगीची पद्धत म्हणून पाहिले तर तीत पुष्कळ शहाणपण होते.

शिवाय राई म्हणजे सर्वस्वी बंद कोठार नव्हे. मावळ तालुक्यातील अजिवली येथील वाघजाईच्या राईत भेर्ली माडाची झाडे आहेत. त्यांचा रस काढण्याची तेथे जुनी वहिवाट आहे. झाड उभेच राहते आणि गावाला उत्पन्नही होते. भीमाशंकरच्या परिसरात आहुप्यासारख्या गावांभोवती महादेव कोळी समाजाने राया जपल्या आहेत, आणि त्याच समाजाचा संसार हिरड्याच्या वेचणीवरही चालतो. अन्यत्र पडलेले आंबे, फणस, जांभळे वेचावीत, औषधापुरती साल किंवा मुळी घ्यावी, उत्सवाच्या प्रसादापुरते वाळलेले लाकूड वापरावे, अशा मुभा दिसतात. काही ठिकाणी मात्र पडलेले पानही उचलीत नाहीत. नियम गावागणिक बदलतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसतो, ही या व्यवस्थेची ताकद होती आणि आता तीच तिची दुर्बलता झाली आहे.

अभ्यासकांना जे दिसले

देवरायांची दखल वनखात्याच्या आरंभकाळातच घेतली गेली होती. हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक डिट्रिक ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकातच या रानांविषयी लिहिले होते. पण महाराष्ट्रात पद्धतशीर पाहणी झाली ती १९७० नंतर. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील राया पायांखाली घातल्या. १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या राया राखण्याची विनंती त्याच्या शीर्षकातच होती.

या पाहणीच्या काळातील एक प्रसंग डॉ. गाडगीळ यांनी लिहून ठेवला आहे. श्रीवर्धनच्या परिसरातील एका गावाच्या राईवर तोडीसाठी खुणा झाल्या होत्या. दोन माणसे राया पाहत हिंडतात हे गावाच्या कानी आले होते. गावकऱ्यांनी त्यांना गाठून विनंती केली की आमची राई वाचवा. कारण विचारता त्यांनी देवीच्या कोपाबरोबर दुसरीही गोष्ट सांगितली : राईच्या पायथ्याशी बारमाही ओढा आहे, राई गेली की तो जाईल. अभ्यासकांनी वनखात्याकडे रदबदली केली आणि ती तोड थांबली.

हे बोलणे शास्त्राच्या कसोटीस उतरणारे आहे. कोकणात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या तेथेच आहेत. उघड्या उतारावर पडलेले पाणी माती घेऊन काही तासांतच खाडीला मिळते. राईत मात्र तेच पाणी प्रथम पानांवर, मग वेलींवर, मग पाचोळ्यावर पडते. मुळांनी सच्छिद्र केलेल्या जमिनीत ते मुरते आणि पावसाळा संपल्यावर महिनोन् महिने झऱ्यातून झिरपत राहते. अनेक राया ओढ्याच्या उगमाशी किंवा घळीच्या माथ्यावर आढळतात, हा योगायोग मानता येत नाही. गावाची जुनी विहीर, देवाचे टाके आणि राई ही एका रेषेत असलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको.

पाण्याखेरीज दुसरा ठेवा आहे तो जीवजातींचा. आसपासचे जंगल शे-दोनशे वर्षांत कितीदा तरी तुटले. त्यातील जी झाडे पुन्हा उगवण्यास कठीण, ती राईत तेवढी उरली. मोठाले बेहडे, सातवीण, सुरंगी, नागकेशर, आणि हातभराहून लांब शेंगा धरणारी गारंबीची वेल ही अशा ठिकाणी भेटतात. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी मोठ्या झाडाची ढोली लागते. विणीच्या काळात मादी ढोलीत बसून तिचे तोंड लिंपून घेते आणि आठवडेच्या आठवडे नर तिला फटीतून फळे भरवीत राहतो. तरुण झाडांच्या रानात अशी ढोली मिळत नाही. वृद्ध झाडे ज्या रानात आहेत तेथेच ती मिळते, आणि कोकणातील कित्येक गावांत असे रान म्हणजे देवरहाटीच.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातील झाडांची गोड्या पाण्याची दलदल आहे. चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली मुळे हे या झाडांचे वैशिष्ट्य असून फुलझाडांच्या अतिप्राचीन कुळांपैकी हे एक कूळ मानले जाते. अशा दलदली दक्षिणेकडे केरळ-कर्नाटकात आढळतात. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराच्या राईतही अशी दलदल आहे. बांबर्ड्याची दलदल गावाने देवाची राई म्हणूनच जपली होती. अभ्यासकांच्या नजरेस ती अलीकडे आली, आणि २०२१ साली राज्य शासनाने तेथील २.५९ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. भात-नाचणीसाठी किंवा पुढे रबर-अननसाच्या लागवडीसाठी ही ओलसर जागा कोणालाही मोहात पाडण्याजोगी होती. ती तशीच राहिली, याला देवाखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

त्याच वर्षी आंबोली येथील हिरण्यकेशी नदीच्या उगमालाही हा दर्जा मिळाला. तेथे गुहेतून येणारे पाणी महादेवाच्या देवळाशी कुंडात साठते. या पाण्यातील एक चिमुकला मासा शास्त्राला अज्ञात होता. २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि नदीच्याच नावावरून त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहात, तसेच महाडजवळ वाळणकोंड येथे देवाचे म्हणून राखलेले मोठमोठे मासे यात्रेकरूंच्या हातची लाही खातात. नदीच्या त्या तुकड्यापलीकडे तेच मासे जाळ्यात जातात. श्रद्धेची हद्द किती नेमकी असते, हे येथे डोळ्यांनी पाहता येते.

श्रद्धा सर्वच राखते असे नव्हे

एवढे वाचून आपले पूर्वज परिसरशास्त्रज्ञ होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. राई राखणाऱ्या माणसाने ‘जैवविविधता’ हा शब्द ऐकलेला नव्हता. तो देवीला भीत होता, तिच्यावर प्रेम करीत होता, आणि ओढा आटला तर काय होईल हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. त्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याची गरज नाही. शिवाय राईच्या नियमांत सर्वच काही अभिमानास्पद नव्हते. काही रायांत स्त्रियांना प्रवेश नाही. काही ठिकाणी ठराविक जातींच्या लोकांनी अमुक दगडाच्या पलीकडे पाऊल टाकू नये असा दंडक असे, आणि ते पाऊल पडले तर शिक्षा देवाने नव्हे, माणसांनी केलेली असे. झाड राखण्याचा नियम ठेवून माणसाला दूर ठेवण्याचा नियम सोडून देणे शक्य आहे. अनेक गावांनी ते केलेही आहे.

आणि राईच्या सीमेबाहेर हीच श्रद्धा काय करते, तेही पाहावे. राईतील पान न उचलणारा गाव भाद्रपदात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या रंगीत मूर्ती त्याच ओढ्याच्या डोहात सोडतो. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टर विरत नाही, ते तळाशी बसून राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२० मध्ये ती अधिक कडक केली, हे वाचकांस माहीत आहेच. मुद्दा एवढाच, की श्रद्धा निसर्गाला अनुकूल असते किंवा प्रतिकूल असते, असे सरसकट विधान करता येत नाही. ती कोणत्या वस्तूवर जडली आहे, यावर सारे अवलंबून असते. देव रानात राहतो असे मानणारी श्रद्धा रान राखते. देव इमारतीत राहतो असे मानणारी श्रद्धा इमारत राखते.

जीर्णोद्धार

दोन वर्षांपूर्वी कार्यालयीन कामासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी जाण्याचा योग आला. गावाचे नाव देत नाही. कारण जे तेथे पाहिले ते अनेक गावांत पाहावयास मिळते. देवरहाटीच्या मध्यभागी कौलारू छपराचे, चिऱ्याच्या भिंतींचे लहानसे देऊळ होते. मुंबईत नोकरीस असलेल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून त्याचा जीर्णोद्धार योजला होता. पोटतिडकीने काढलेली वर्गणी होती ती. गिरणीत राबलेल्या वडिलांच्या नावे कोणी, आजारातून उठलेल्या आईच्या नावे कोणी पैसे दिले होते. नकाशात सिमेंटचे शिखर होते, फरशीचा सभामंडप होता, मोटारी उभ्या करण्यास जागा होती. त्यासाठी तीन बेहडे, एक सातवीण आणि एक जुना आंबा जाणार होता. शिवाय अंदाजपत्रकात तूट होती, आणि ती त्याच लाकडाच्या विक्रीतून भरून काढावी अशी सूचना होती.

ग्रामसभेत मी मागील बाकावर बसलो होतो. कोणीही वाईट माणूस तेथे नव्हता. जीर्णोद्धार समितीचा तरुण अध्यक्ष कळवळून बोलत होता की पावसात देव भिजतो, आणि आपण मात्र स्लॅबच्या घरात राहतो. वृद्ध गुरव बराच वेळ गप्प होते. मग ते एवढेच म्हणाले की, “देव आजवर भिजतच आलाय. त्याला भिजायचं नसतं तर तो रानात कशाला राहिला असता?” कोणी हसले, कोणी मान हलविली. कौल घ्यावा असे एकाने सुचविले. तेव्हा समितीतील काहींना ते मागासलेपणाचे वाटले. निर्णय पुढील सभेवर गेला.

रायांचा नाश वृक्षतोड करणाऱ्या ठेकेदारांनी केला, रस्त्यांनी केला, धरणांनी केला, काजू आणि रबराच्या लागवडींनी केला, हे सारे खरे आहे. पण अलीकडील काळात भक्तीच्या वाढीनेच राई कमी होते आहे, ही गोष्ट मोकळेपणाने बोलली जात नाही. वाघजाईची दुर्गा होते, तांदळ्याच्या जागी संगमरवरी मूर्ती येते, वारूळ फरशीने वेढले जाते. देवता मोठ्या पंथात गेली की तिचे घर रानातून गाभाऱ्यात हलते. मग सभोवतालची झाडे केवळ झाडे उरतात, आणि ज्यांना केवळ झाडे म्हटले जाते ती फार काळ टिकत नाहीत.

पंचायतीच्या हाती काय आहे

राई कोणाची, या प्रश्नाचे उत्तर सातबारा उताऱ्यावर नेहमी मिळतेच असे नाही. कोठे ती देवस्थानच्या नावे आहे, कोठे सरकारच्या, कोठे वनखात्याच्या, तर कोठे खाजगी मालकाच्या गटात पडली आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर अनेक राया राखीव जंगलात गेल्या आणि गावाची वहिवाट कागदावरून पुसली गेली. म्हणून पहिले काम म्हणजे उतारा काढून पाहणे. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याशिवाय पुढचे कोणतेही पाऊल टाकता येत नाही.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. काही ठिकाणी ही नोंदवही बाहेरून आलेल्या माणसाने दोन दिवसांत भरून दिली आहे. तीत वड, पिंपळ, कडुनिंब यांच्यापुढे नावे जात नाहीत आणि देवराईचा उल्लेखही नसतो. अशी नोंदवही पुन्हा लिहिण्यास कोणाचीही हरकत नाही. राईची सीमा, तेथील झरे, झाडे, देवता, उत्सवाचा दिवस, आणि मुख्य म्हणजे काय घ्यावे व काय घेऊ नये याचा गावातील तोंडी नियम, एवढे तीत आले पाहिजे. तोंडी नियम लेखी झाला म्हणजे त्याची धार थोडी बोथट होते हे मान्य. पण तो जाणणारी पिढी आज सत्तरीच्या पलीकडे आहे.

याच अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य शासन जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकते. बांबर्डे आणि आंबोली ही त्याची उदाहरणे वर आलीच आहेत. जेथे वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक हक्क मान्य झाले आहेत, तेथे सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा जपण्याचा अधिकार व जबाबदारी ग्रामसभेकडे आहे. जमीन गावाची वा खाजगी असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६ क खाली समुदाय राखीव क्षेत्राचा मार्गही आहे. दि. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांच्या प्रकरणी तेथील शासनास अशा रानांची पाहणी करून त्यांना या कलमाचे संरक्षण देण्याचे निर्देश दिले, आणि देशभरातील देवरायांसाठी सर्वंकष धोरण आखण्याची शिफारस केंद्र शासनास केली. आदेश राजस्थानापुरता असला तरी आपल्या ग्रामसेवकांनी व सरपंचांनी तो वाचण्याजोगा आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. संरक्षण म्हणजे कुंपण, फाटक आणि फलक, असे समीकरण करून गावालाच बाहेर उभे केले तर राईचा खरा राखणदार गेला असे समजावे. फुलझाडे लावून, बाके ठेवून, विजेचे दिवे बसवून ‘सुशोभीकरण’ करण्याचीही टूम निघाली आहे. रायीला शोभा लागत नाही. तिथल्या वठलेल्या झाडालाही काम असते. त्यातच सुतारपक्षी आणि धनेश घर करतात. निधी खर्च करावयाचाच असेल तर उतारावरून येणारी गुरे व वणवा रोखणारी जाळरेषा, आणि देऊळ आहे त्याच चौथऱ्यावर चिरा-लाकूड-कौलांनी दुरुस्त करणारा चांगला गवंडी, एवढे पुरे.

शिक्षकांसाठी राई ही शाळेला लागून असलेली प्रयोगशाळा आहे. वर सांगितलेल्या गावी पुढील वर्षी पुन्हा गेलो, तेव्हा प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी सातवीच्या मुलांकडून देवरहाटीतील झाडांची यादी करून घेतली होती. मुले पुस्तकी नावे लिहीत आणि गुरव ती खोडून गावची नावे सांगत. कोणत्या झाडाचे फळ कोणता पक्षी खातो, कोणत्या झाडाखाली झरा फुटतो, हेही मुलांनी त्यांच्याकडून काढून घेतले होते. वहीची अकरा पाने भरली होती. तोडीसाठी नेमलेल्या पाच झाडांपुढे मुलांनी लाल शाईने फुली केली होती, आणि त्यांतल्या एका बेहड्यापुढे लिहिले होते : ढोलीत धनेशाची मादी आहे.

गुरुजींनी ती वही ग्रामसभेत वाचून दाखविली असे समजले. चाकरमान्यांपैकी काहींनी नकाशा बदलून मागितला आहे. काहींचे म्हणणे असे की वर्गणी शिखरासाठी दिली होती, ती शिखरालाच लागावी. सभामंडप झाडे वगळून एका बाजूस घेता येईल काय, याचा अंदाज गवंड्याकडून मागविला आहे. झाडे अद्याप उभी आहेत आणि विषय पुढील ग्रामसभेच्या कार्यपत्रिकेवर आहे.